आधी मालकाची परीक्षा घ्या

कोथरूडमधल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन मजले, अरुंद जिना, वळणावर एक खिडकी. वीस वर्षांपूर्वी त्या वळणावर माझ्या लॅब्रॅडॉरनं शेजारच्या आजींना पाडलं. तो चावला नाही, गुरगुरलाही नाही. आजी त्याला रोज पोळीचा तुकडा द्यायच्या, त्यामुळे त्याचा त्यांच्यावर फार जीव. त्या भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या आणि आम्ही खाली निघालो होतो. त्यानं त्यांना पाहिलं आणि तीस-बत्तीस किलोचं ते जनावर आनंदानं त्यांच्या अंगावर झेपावलं. लीश माझ्या हातात होती, तिचा काहीही उपयोग झाला नाही. आजींचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणात गेले आणि मग कायमचा वॉकर आला.

भेटायला गेले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. कुत्र्याला दुसरीकडे कुठे देऊन टाकते, असं काहीतरी मी म्हणाले. आजी म्हणाल्या, "त्याला कशाला घालवतेस? जिन्यात माणूस दिसलं की थांबायचं, हे त्याला कुणी शिकवलंय का?" मला बोल लावण्यासाठी त्या हे म्हणाल्या नव्हत्या. पण मी पाच वर्षं कुत्रा पाळला होता आणि त्याला जिन्यात थांबायला शिकवलं नव्हतं. मला स्वतःलाच ते येत नव्हतं. आणि मला ते यायला हवं, असं त्या पाच वर्षांत कुणी म्हणालंही नव्हतं. ब्रीडर नाही, डॉक्टर नाही, सोसायटी नाही, महापालिकाही नाही.

पुण्यात कुत्र्यांवरून होणारी भांडणं आता सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतून पोलीस चौकीपर्यंत पोचतात. एकीकडे श्वानप्रेमी, दुसरीकडे त्रासलेले रहिवासी, आणि दोन्हीकडचे लोक बोलतात ते कुत्र्याबद्दल. तो भुंकतो, घाण करतो, किंवा तो मुका जीव आहे, त्याला सांभाळून घ्या. ज्याच्या हातात लीश आहे त्याला कुत्रा कळतो का, हा प्रश्न मात्र सभेत कुणी विचारलेला मी ऐकलेला नाही. मला तो विचारायचा आहे. माझी मागणी सरळ आहे. महापालिकेनं कुत्रा पाळण्याचा परवाना देण्याआधी पाळणाऱ्याचं किमान ज्ञान तपासावं. पिल्लू घरी येण्याआधी दोन-तीन तासांचा मराठीतला वर्ग आणि छोटी परीक्षा व्हावी, आणि वर्षभराच्या आत कुत्र्यासह एक प्रत्यक्ष चाचणी व्हावी. स्कूटरचं शिकाऊ लायसन्स काढतानाही आपल्याला सिग्नलच्या खुणा विचारतात.

आज महापालिकेच्या हद्दीत कुत्रा पाळायला परवाना लागतो. रेबीजची लस टोचल्याचा दाखला जोडायचा, फी भरायची आणि दर वर्षी नूतनीकरण करायचं. यातलं काहीच अवघड नाही, तरी माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत तो काढलेला नाही. ज्यांनी काढलाय त्यांच्या परवान्यातूनही एवढंच कळतं की कुत्र्याला लस दिलेली आहे. त्याला धरणाऱ्या माणसाबद्दल त्यात अक्षर नाही.

तर त्या वर्गात काय शिकवावं? मी सुरुवात एका म्हणीपासून करीन. "भुंकणारा कुत्रा चावत नाही" ही म्हण मुलांच्या डोक्यातून काढून टाकायला हवी. भुंकणारा कुत्रा चावतो, न भुंकणाराही चावतो, आणि चावण्याआधी दोघंही बराच वेळ काही ना काही सांगत असतात. झोप आलेली नसताना कुत्रा जांभई देतो. समोर खाणं नसताना ओठांवरून जीभ फिरवतो. मान वळवतो, पण डोळे तुमच्यावरच ठेवतो, त्यामुळे डोळ्याचा पांढरा भाग कडेनं दिसायला लागतो. अंग ताठ होतं. हे सगळं बोलून झालं आणि कुणी ऐकलंच नाही, की मग तो गुरगुरतो. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, हेही खरं नाही. उंच, ताठ आणि वेगानं थरथरणारं शेपूट बहुतेक वेळा ताण दाखवतं. आपल्याकडे पाहुण्यांचं मूल कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतं आणि घरातले कौतुकानं म्हणतात, "तो काही करत नाही." त्या फोटोंत मी हल्ली कुत्र्याचे डोळे बघते. निम्म्या वेळा तो "मला सोडवा" असं सांगत असतो.

यात एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कुत्रा गुरगुरला की आपण त्याला फटका देतो. चार वेळा फटका बसला की तो गुरगुरणं बंद करतो, आणि आपल्याला वाटतं सुधारला. त्याची भीती होती तिथेच असते, गेलेली असते ती फक्त धोक्याची सूचना. पाचव्या वेळी तो काही न सांगता चावतो आणि घरचे सांगतात, "अचानक चावला हो, कधी असं केलं नव्हतं." गुरगुरणाऱ्या कुत्र्यापासून शांतपणे दूर व्हावं, मुलाला बाजूला घ्यावं आणि तो कशामुळे गुरगुरला ते शोधावं. कान दुखत असेल, ताटलीजवळ कुणी गेलं असेल, म्हातारपणी दिसत नसेल.

दुसरी म्हण शेपटाची. नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणून शिकवून उपयोग नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत. याच्या उलट टोकाला आहेत ते "तुम्ही अल्फा व्हा", म्हणजे कळपाचा म्होरक्या व्हा, असं सांगणारे ट्रेनर. सकाळी मैदानावर मी त्यांना पाहते. चोक चेनचा, म्हणजे गळा आवळणाऱ्या साखळीचा झटका, कुत्र्याला उलथं पाडून जमिनीवर दाबून धरणं, त्याच्याआधी दारातून बाहेर पडण्याची सक्ती. ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून आली होती, आणि रुडॉल्फ शेंकेल यांनी ती १९४७ मध्ये मांडली होती. जंगलातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंबच असतं. 'अल्फा' हा शब्द लोकप्रिय करणाऱ्यांपैकी एक असलेले अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांनी स्वतःच १९९९ मध्ये ही चूक सविस्तर दाखवून दिली. त्यालाही पाव शतक उलटून गेलं. पुण्यातल्या मैदानांवर चोक चेनचा झटका अजून चालूच आहे.

शिकवायचं कसं, हे खरं तर कंटाळवाणं वाटावं इतकं साधं आहे. हवं ते कुत्र्यानं केलं की त्याच क्षणी, सेकंद-दोन सेकंदांत, त्याला आवडणारं काहीतरी द्यायचं. उशिरा दिलं तर कशासाठी मिळालं ते त्याला कळत नाही. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा. बाबा "बस" म्हणतात, आई "सिट" म्हणते आणि आजोबा "खाली बस रे" म्हणतात, असं असेल तर दोष कुत्र्याचा नाही. आता माझ्याकडे एक गावठी कुत्री आहे, मैना. तिला जिन्याच्या वळणावर थांबायला शिकवायला मला तीन आठवडे लागले आणि अंदाजे अर्धा किलो पनीर. तीन आठवडे. आजींच्या खुब्याच्या हाडाची किंमत इतकीच होती, हा हिशेब मी पुष्कळदा केला आहे.

पिल्लाचं वय हा वर्गातला आणखी एक मोठा विषय. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, हे २०१७ च्या श्वानप्रजनन आणि विक्रीच्या केंद्रीय नियमांत आहे, आणि ब्रीडरनं नोंदणी केलेली असायला हवी, हेही. तरी पाच-सहा आठवड्यांची पिल्लं सर्रास हातात दिली जातात, आणि "लहान आणलं की लळा लागतो" म्हणून घेणाराही खूश असतो. आईजवळ आणि भावंडांत खेळताना पिल्लू दात किती जोरात लावायचे ते शिकतं. तो धडा बुडाला की पुढे माणसांच्या हातांवर तो गिरवला जातो. शिवाय साधारण तीन ते चौदा आठवडे हा काळ असा असतो की त्यात जे ओळखीचं होतं त्याची कुत्र्याला पुढे सहसा भीती वाटत नाही. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ अभ्यासातून हे पुढे आलं. आपल्याकडे नेमका हाच काळ पिल्लू घरात बंद असतं, कारण लसी पूर्ण व्हायच्या असतात. पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांची भीती खरीच आहे. पिल्लाला जमिनीवर सोडू नका, हे बरोबर. पण त्याला कडेवर घेऊन बाहेर पडायला कुणी मना केलेलं नाही. पीएमपीच्या थांब्यावर दहा मिनिटं बसा. हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा, बुरखा घातलेली बाई, घंटा वाजवत जाणारी कचऱ्याची गाडी, सगळं त्याला दुरून दाखवा. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, तेव्हा आवाज बेताचा ऐकू येईल इतक्या अंतरावर उभे राहा आणि त्याला चिकनचे बारीक तुकडे भरवा. पुण्यात राहणाऱ्या कुत्र्याला ढोल माहीत असायलाच हवा. विसर्जनाच्या दिवशी आणि दिवाळीत घाबरून पळालेल्या कुत्र्यांचे फोटो दर वर्षी फिरतात, आणि त्यांतले सगळे परत घरी पोचत नाहीत.

कुठला कुत्रा घ्यावा, यावर मी कमीच लिहीन, कारण याबाबत माझं मत कडक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो त्या शहरात हस्की आणि सेंट बर्नार्ड पाळू नयेत. आपल्यासारखा अंगभर घाम कुत्र्याला येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. बसक्या नाकाच्या पगला तेही नीट जमत नाही. मोबाईल कंपनीच्या जाहिरातीनं घराघरांत पोचलेला तो गोड चेहरा म्हणजे प्रत्यक्षात श्वास घेण्याची अडचण आहे. उन्हाळ्यात फिरवायला निघण्याआधी पालथा हात डांबरावर सात सेकंद ठेवून पाहा. चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसणार. आपल्याच मातीतले कुत्रे आहेत. मराठवाड्यातला कारवानी आहे. आपल्या टपाल खात्यानं २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली तेव्हा मुधोळही त्यात होता. आणि कोपऱ्यावरची गावठी पिल्लं तर कुणी घेईल याची वाट बघत बसलेली असतात. पण कारवानी आणि मुधोळ शिकारीसाठी, धावण्यासाठी घडलेले. त्यांना वन बीएचकेमध्ये दिवसभर कोंडून ठेवणं हाही अन्यायच.

कोंडण्याबद्दल. हिंजवडीला किंवा खराडीला नोकरी करणारी नवरा-बायको सकाळी आठला निघतात आणि रात्री आठला परत येतात. कुत्रा बारा तास बाल्कनीत. तो भुंकतो, शेजारी तक्रार करतात, मालक म्हणतात शेजाऱ्यांना प्राण्यांची ॲलर्जी आहे. तो कुत्रा एकटा आहे, बाकी काही नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. सतत बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणं हा त्याच्या कलम ११ खाली गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांत तो आकडा बदललेला नाही. पन्नास रुपयांत पुण्यात आता जेमतेम दोन वडापाव येतात, आणि त्या रकमेत आपण एका जिवाचं आख्खं आयुष्य मोजतो, याची मला लाज वाटते.

स्वयंपाकघरातलंही थोडं सांगते, कारण आपण प्रेमानं खाऊ घालतो आणि त्यातूनच विष जातं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी नासवतात, म्हणजे आपल्या आमटीतला भात त्याच्यासाठी नाही. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्याला द्यायचा मोह होतो, त्यात बेदाणे असतात हे लक्षात ठेवा. शिजवलेलं हाड फुटून घशात आणि आतड्यात टोचतं. ताप आला म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कधीही देऊ नका. पावसाळ्यात रोज पंजांच्या बोटांमध्ये आणि कानांत गोचीड बघा. गोचीड-तापाकडे आठवडाभर दुर्लक्ष झालं तर कुत्रा हातचा जाऊ शकतो.

आता रेबीज. त्याची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि ती दिसण्याआधी उपचार झाले तर जवळजवळ नेहमी वाचतो. चावा, ओरखडा, काहीही असो, आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, मिरची काहीही भरायचं नाही. मग लगेच दवाखाना. जुन्या पिढीतल्या लोकांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून आहे आणि त्यापायी ती दवाखान्यात जाणं टाळतात. ती जुनी लस आपल्या देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता दंडात ठरावीक दिवसांनी चार-पाच डोस देतात, आणि कातडी फुटून रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं) भरावं लागतं. घरच्या लस दिलेल्या कुत्र्यानं चावलं तरीही डॉक्टरांना विचारायचंच. हे प्रत्येक कुत्रेवाल्या घरातल्या कामवाल्या मावशींनाही माहीत असायला हवं, कारण कुत्रा बऱ्याचदा त्यांच्याच ताब्यात असतो.

मला सगळ्यांत जास्त राग येतो तो रस्त्यावरच्या घाणीचा. कुत्र्याची शी उचलणं हा सभ्यतेचा प्रश्न आहे, हे आता बरेच जण मान्य करतात आणि पिशवी घेऊन निघतातही. पुढे ती पिशवी जाते कुठे? ओल्या कचऱ्याच्या बादलीत. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ'च्या कचरावेचक महिला तो कचरा हातानं वेगळा करतात. कुत्र्याच्या विष्ठेत गोलकृमी आणि हूकवर्मची अंडी असू शकतात, ती माणसाला बाधतात. डायपर आणि पॅड वेगळ्या कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून द्या, अशी विनंती याच बायकांनी वर्षानुवर्षं केली. कुत्र्याची पिशवी त्याच शिस्तीनं वेगळी द्यावी, किंवा कागदात उचलून शी संडासात टाकून पाणी ओढावं आणि कागद तसाच वेगळा गुंडाळावा. माझ्या वर्गात एक तास एका कचरावेचक ताईंना बोलवावं, असं मला फार वाटतं. त्या जे सांगतील ते कुठल्याही ट्रेनरला सांगता येणार नाही.

टेकड्यांचंही असंच. वेताळ टेकडीवर, तळजाईवर पहाटे लोक कुत्र्याची लीश काढतात. "मोकळा पळू दे जरा." तिथे मोर आहेत. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. ती अंडी इतकी मातीच्या रंगाची असतात की आपल्याला दिसत नाहीत, पण कुत्र्याला वास येतो. उन्हाळ्यात डोक्यावरून ओरडत घिरट्या घालणारी टिटवी दिसली तर समजा, आसपास तिचं घरटं आहे आणि तुमचा कुत्रा तिथे पोचलाय. कुत्र्याला पळायला जागा हवी, हे मी मान्य करते. ती कुंपण घातलेली असावी, प्रत्येक प्रभागात एक तरी असावी, आणि ती देणं हे महापालिकेचं काम आहे. परवान्याची सक्ती आणि मोकळं मैदान या दोन गोष्टी एकत्रच यायला हव्यात.

आता माझ्या मागणीवरचा सगळ्यांत मजबूत आक्षेप, आणि तो मी स्वतःच मांडते. स्वित्झर्लंडनं असा वर्ग देशभर सक्तीचा केला होता. २००८ च्या नियमांत तो आला आणि २०१६ मध्ये त्यांच्या संसदेनं तो काढून टाकला. पाहणीत असं दिसलं की पाचातला साधारण एक मालक वर्गाला गेलाच नव्हता, आणि गेलेल्या व न गेलेल्या मालकांच्या कुत्र्यांच्या वागण्यात ठळक फरक सापडला नाही. शिस्तीच्या त्या देशात जे जमलं नाही ते पुण्यात कसं जमणार? या प्रश्नावर मी बराच विचार केला. तिथे काही तास वर्गाला बसलं की काम झालं, उत्तीर्ण होण्याची अट नव्हती. हजेरी लावून कुणी शिकत नाही, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यानं २०१३ पासून वेगळा मार्ग धरला. कुत्रा घेण्याआधी लेखी परीक्षा, पहिल्या वर्षात प्रत्यक्ष परीक्षा, आणि दोन्ही उत्तीर्ण व्हाव्या लागतात. देशपातळीची सक्ती गेल्यावरही झुरिक प्रांतानं आपली सक्ती ठेवली. २०१९ मध्ये ती रद्द करायची का, असं मतदारांना विचारलं तेव्हा त्यांनी नकार दिला. म्हणून मी वर्गापेक्षा परीक्षेवर अडून आहे, आणि ती पिल्लू घरी येण्याआधी व्हावी यावर तर जास्तच. मोह होतो त्या क्षणी मध्ये एक पायरी असली, तर निम्मी पिल्लं चुकीच्या घरात जाणारच नाहीत, असा माझा विश्वास आहे.

दुसरा आक्षेप वस्त्यांचा. जनता वसाहतीत, पर्वती पायथ्याशी कुत्री पाच घरांत मिळून सांभाळलेली असतात. परीक्षा, फी, कागद यांत ती माणसं भरडली जातील. हे खरं आहे. त्यांच्यासाठी वर्ग वस्तीतच, फुकट आणि तोंडी व्हायला हवा. त्यांच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस महापालिकेनंच करायला हवी. कुत्र्याच्या भाषेची जाण पाहिली तर त्या परीक्षेत वस्तीतली पोरं आमच्या सोसायट्यांच्या पुढे जातील, हे मी बघितलेलं आहे. पैशाचा बोजा पडायला हवा तो हजारो रुपये मोजून पिल्लू विकत घेणाऱ्यांवर.

काही जण म्हणतात, परीक्षा कशाला, धोकादायक जातींवर बंदी घाला. केंद्रानं मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलरसह तेवीस जातींवर बंदी घालायला सांगितलं होतं. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. मला त्या बंदीचा उपयोग दिसत नव्हता. आजींना पाडलं ते जगातल्या सगळ्यांत प्रेमळ समजल्या जाणाऱ्या जातीच्या कुत्र्यानं.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न याहून मोठा आहे आणि तो इथे सोडवायचा माझा आव नाही. पण त्याचा एक धागा आमच्या घरांतून जातो, आणि त्याबद्दल पाळणारे लोक गप्प बसतात. नसबंदी न केलेला कुत्रा रात्री "जरा फिरून येऊ दे" म्हणून सोडला जातो. कुत्री माजावर आली, कुणाचं लक्ष नव्हतं, त्रेसष्ट दिवसांनी सहा पिल्लं होतात, आणि ती खोक्यात घालून कुणीतरी कात्रजच्या घाटात सोडून येतं. बदली झाली, बाळ झालं, कुत्रा म्हातारा झाला, की गळ्यातला पट्टा काढून त्याला लांब सोडून देतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव जनावराची नसबंदी, लस, जंताचं औषध ही सगळी मालकाची जबाबदारी आहे. नसबंदी म्हणजे क्रौर्य, असं मानणाऱ्यांनी घाटातलं ते खोकं एकदा उघडून बघावं. मी उघडलं आहे. प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली मायक्रोचिप असती आणि ती परवान्याशी जोडलेली असती, तर ते खोकं कुणाचं, हे दुसऱ्या दिवशी कळलं असतं.

सोसायट्यांनाही माझं सांगणं आहे. कुत्रा पाळायला बंदीचा ठराव तुम्हाला करता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही. असे ठराव करण्यात आणि ते मोडण्यात दोन्ही बाजूंची ताकद वाया जाते. त्यापेक्षा क्लबहाउसमध्ये महिन्यातून एक रविवार द्या. पुण्यात रेस्क्यू आणि ब्ल्यू क्रॉससारख्या संस्था आहेत, पशुवैद्यक आहेत. त्यांना बोलवा आणि ज्यांच्याकडे कुत्री नाहीत त्यांनाही बसवा. कुत्र्याला घाबरणाऱ्या माणसाची भीती खरी असते. लिफ्टमध्ये आधी तो जाईल, मी पुढची लिफ्ट घेईन, एवढं मालकानं ठरवलं तरी अर्ध्या तक्रारी कमी होतात.

महापालिका माझं म्हणणं उद्या ऐकेल, असं मला वाटत नाही. तोवर आमच्या इमारतीत मी एक करते. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला गेल्या श्रावणात पिल्लू आणायचं होतं. मुलगी नववीत, तिचा हट्ट. मी त्यांना मैनाची जुनी लीश दिली आणि सांगितलं, आठ दिवस रोज सकाळी साडेपाचला आणि रात्री दहाला ही घेऊन अर्धा तास फिरून या, पाऊस असला तरी. पिशवीही बरोबर घ्या, आणि वाटेत दिसेल ती घाण उचला, कुणाच्याही कुत्र्याची असली तरी. पहिले तीन दिवस तिघंही गेली. चौथ्या दिवशी बाप-लेक. सहाव्या दिवशी धो धो पाऊस होता आणि मी खिडकीतून पाहत होते. मुलगी एकटीच निघाली होती, एका हातात छत्री आणि एका हातात रिकामी लीश.

आठव्या दिवशी ती लीश परत द्यायला वर आली. म्हणाली, "काकू, दहावी झाल्यावर आणू. आई-बाबांना जमणार नाही आणि शाळेमुळे मला एकटीला जमणार नाही." मग तिनं विचारलं, तोपर्यंत मैनाला फिरवू का. आता ती रविवारी सकाळी येते. वळणावर मैना थांबते, मुलगी थांबते, आणि आजी वॉकर टेकत दारात येईपर्यंत दोघी तिथेच उभ्या असतात.